वाट पाहायचं भांडवल कुणाचं?

कमी भांडवलात कोणता धंदा करावा, हे सोलापुरात आता कुणाला विचारावं लागत नाही. शेळीपालन, अळिंबी, गांडूळखत, मधमाश्या, मसाले, द्रोण-पत्रावळी, अगरबत्ती, ड्रॅगन फ्रूट अशी यादी मोबाइलवर रोज नव्याने येते. प्रत्येक नावापुढे दोन आकडे असतात: सुरू करायला किती लागतात आणि महिन्याला किती सुटतात. त्यावरून जो वाद चालतो तो मला फार उथळ वाटतो. एक बाजू म्हणते, नोकरी मागत फिरू नका, जिद्द असेल तर पन्नास हजारांतही उद्योग उभा राहतो. दुसरी म्हणते, हे सगळं फसवं आहे, गरिबाने या फंदात पडूच नये. दोघांचंही बोलणं अखेर माणसाच्या स्वभावावर येऊन ठेपतं: याच्यात धमक आहे का, तो भोळा की हुशार. वाद पैशाचा, पण पैसा कसा फिरतो याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. छोट्या भांडवलाचे धंदे व्हायलाच हवेत, पण आपण भांडवल चुकीच्या जागी मोजतो. सुरुवातीला लागणारा पैसा मोजतो. माल विकून त्याचे पैसे हातात पडेपर्यंत घर आणि धंदा दोन्ही चालवायला लागणारा पैसा मोजत नाही. हा दुसरा पैसा बहुतेक वेळा पहिल्याच्या कितीतरी पट असतो. आणि तो ज्याच्या खिशातून येतो, नफ्याचा धनी शेवटी तोच होतो.

कडक भाकरीचं उदाहरण घेऊ. ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी ही आता सोलापूरची ओळख आहे. माल टिकाऊ, चव इथली, कच्चा माल इथला; मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकनही, म्हणजे हा माल या भागाचाच अशी सरकारी ओळख, मिळालेलं आहे. तवे, शेगडी, पिशव्या आणि पिशवी बंद करायचं छोटं मशिन एवढ्यावर काम सुरू होतं. समजा, या सगळ्याला पंधरा हजार लागले. आता एक बाई मदतनीस ठेवून रोज ३०० भाकरी करते आणि ज्वारी, जळण, मजुरी धरून एका भाकरीला दहा रुपये खर्च येतो, असं धरा. रोजचे झाले तीन हजार. दुकानदार माल आनंदाने ठेवून घेतो, पण पैसे महिन्याने देतो, कारण तीच बाजाराची रीत आहे. तिसाव्या दिवशी या बाईचे ९० हजार रुपये दुकानांच्या फळ्यांवर अडकलेले असतात. यादीत तिचा धंदा पंधरा हजारांचा होता. प्रत्यक्षात तो एक लाख पाच हजारांचा आहे, आणि त्यातले ९० हजार कुठून आणायचे हे तिला कुणीच सांगितलेलं नाही. तिने हात टेकले की मग आपण म्हणतो, चिकाटी कमी पडली.

शेळीचा हिशेब याहून कठीण. शेळी हे गरिबाचं जनावर खरंच. उस्मानाबादी शेळी आपल्या कोरड्या हवेत तग धरते, कडबा-पाला खाते, अडीनडीला विकली जाते. पण शेळी पाच महिने गाभण असते. बाजारातून आणलेली शेळी रुळायची, माजावर यायची, व्यायची आणि करडू विकण्याजोगं व्हायचं, यात वर्ष सरतं. वर्षभर चारा, लसी, विमा यांचा खर्च चालू, उत्पन्न जवळपास शून्य. आणि गावात सहज मिळणारं कर्ज कोणतं? फायनान्सवाल्यांचं, ज्याचा हप्ता आठवड्या-पंधरवड्यातच सुरू होतो. हप्ता आठवड्याचा आणि उत्पन्न वर्षाने, हा मेळ कोणत्या जिद्दीने बसवायचा? मग हप्त्यासाठी त्यातल्याच शेळ्या विकल्या जातात, बहुधा गाभण असतानाच, आणि पडत्या भावाने. रोगाने मेलेल्या शेळ्यांची निदान चर्चा होते. हप्त्यापायी विकलेल्या शेळ्या कुणाच्याच खिजगणतीत नसतात.

आता समोरच्यांचं म्हणणं ऐकू, कारण त्यात खूप तथ्य आहे. ते विचारतात, मग दुसरा मार्ग काय? १८७७ साली सोलापुरात पहिली कापडगिरणी सुरू झाली आणि पुढची शंभरेक वर्षं गिरणीचा भोंगा हेच या शहराचं घड्याळ होतं. त्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या. यंत्रमाग आणि विड्या यांवर शहराच्या पूर्व भागातली घरं चालतात, पण नव्या पोरांना तिथे भवितव्य दिसत नाही. हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जाणारी मुलं हौसेने जात नाहीत. मोठं भांडवल नाही, तारण ठेवायला जमीन नाही, ओळखी नाहीत, अशा माणसाला ‘आधी भरपूर पैसा जमव’ सांगणं म्हणजे त्याला दारच बंद करणं. शिवाय थोड्या पैशाने सुरू केलं तर बुडालं तरी थोडंच बुडतं, माणूस अनुभवाने शिकतो, हेही ते सांगतात. आणि ज्यांचं जमलं ती माणसं आपल्या डोळ्यांपुढे आहेत.

यातला पहिला मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. नोकऱ्या नाहीत, धंदा करू नका, असं सांगण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण ‘थोडंच बुडतं’ हे मला मान्य नाही. कुणाच्या दृष्टीने थोडं? ज्याच्या घरी दुसरा पगार येतो, त्याला पन्नास हजार बुडणं हा अनुभव. ज्या बाईने मंगळसूत्र सोडून बाकीचं सोनं गहाण टाकलं, भिशी उचलली, गटातल्या नऊ जणींना जामीन ठेवलं, तिला तेच पन्नास हजार पुढची चार वर्षं फेडावे लागतात. त्या काळात ती दुसरा कोणताही अनुभव घ्यायच्या स्थितीत नसते. एकदा बुडाल्यावर पुन्हा उभं राहता येणं, ही सोयही घरात पैसा असणाऱ्यांनाच मिळते.

यशाच्या उदाहरणांचंही तसंच आहे. ती खोटी नसतात, पण अर्धी सांगितलेली असतात. जो धंदा चार दिवसांच्या प्रशिक्षणावर आणि थोड्या पैशांवर सुरू करता येतो, तो शेजारच्या गल्लीतही पुढच्याच महिन्यात सुरू होतो. प्रवेश सोपा म्हणून गर्दी, गर्दी म्हणून भाव पडतो. यावर सोलापूरपेक्षा मोठा दाखला कोणता हवा? इथल्या चादरीची वीण, रंग, टिकाऊपणा देशभर माहीत होता. भौगोलिक मानांकन मिळालं. तरीही पानिपतहून आलेला स्वस्त माल सोलापुरी म्हणून विकला गेला आणि मऊ मिंक ब्लँकेटांनी उरलेली गिऱ्हाइकं नेली. पिढ्यांचं कसब आणि गाजलेलं नाव हाताशी असलेल्या विणकरांची ही गत, तर ज्याचं कसब व्हिडिओ पाहून आलेलं आहे त्याला गर्दीपासून काय वाचवणार?

त्यात या याद्यांना गाव नसतं. धिंगरी अळिंबीला साधारण २० ते ३० अंश तापमान आणि ८० टक्क्यांच्या आसपास दमटपणा लागतो. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असतो आणि हवा कोरडी ठणठणीत. हिवाळ्यात, पावसाळ्यात इथे अळिंबी जरूर होते, पण बारमाही नफ्याचा आकडा दुसऱ्या हवेतला आहे. ताजी अळिंबी दोन दिवसही नीट टिकत नाही, आणि रोज घेणारी हॉटेलं पुण्यात जितकी, तितकी इथे नाहीत. वाळवून विकता येते, पण मग तो वेगळा धंदा झाला, वेगळ्या गिऱ्हाइकाचा.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे वळतो. घरबसल्या, जवळजवळ शून्य भांडवलात करायचं काम सोलापूरला नवं नाही. इथल्या हजारो बायका पिढ्यान्‌पिढ्या ते करत आल्या आहेत. सूप, कात्री आणि दोरा एवढंच साहित्य. पान आणि तंबाखू कारखान्याकडून आणायचा, घरी विड्या वळायच्या, नेऊन द्यायच्या, हजार विड्यांमागे ठरलेली मजुरी घ्यायची. ‘सोयीच्या वेळेत, मुलं सांभाळून, घरातून’ या आजच्या जाहिरातीतल्या सगळ्या अटी विडी पूर्ण करते. तरी विडी वळणाऱ्या बाईला कुणी उद्योजक म्हणत नाही, आणि ते बरोबरच आहे. पान कमी भरलं तर पदरचं घालून आकडा पुरा करायचा तिने. विड्या नापास ठरल्या तर गप्प बसायचं तिने. कच्चा माल दुसऱ्याचा, खरेदीदार तोच, भाव त्याचा. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईलाही कामगार मानलं. काम घरात चाललं म्हणून ती मालक होत नाही, हे संसदेने तेव्हाच ओळखलं होतं. पूर्व भागातल्या विणकरांचा इतिहासही असाच. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांकडे माग होता, हात होता, नजर होती. सुताचे पैसे मात्र सावकाराचे होते, आणि सूत देणाराच कापडाचा भाव ठरवत असे. सहकारी सूतगिरण्या आणि विणकर संस्था उभ्या राहिल्या त्या याच दुखण्यावर.

म्हणून ‘यंत्र आमच्याकडून घ्या, कच्चा माल आम्ही देऊ, तयार माल आम्हीच उचलू’ अशी जाहिरात दिसली की मला विडीचं सूप आठवतं. फरक एवढाच की विडी कामगार बाईला सूप विकून कारखान्याने नफा कमावला नव्हता. इथे पहिला नफा यंत्र विकणाऱ्याचा, आणि माल उचलण्याचं वचन यंत्राचे पैसे वाजवून घेईपर्यंत. २०१०च्या आसपास इमू हा शहामृगासारखा मोठा पक्षी पाळण्याची लाट आली. पिल्लं महाग विकली गेली, मग अंडी-मांसाला गिऱ्हाईकच नाही म्हणून पक्षी शेतकऱ्यांच्या गळ्यात पडले. २०१९ मध्ये इस्लामपूरच्या कंपनीची कडकनाथ योजना कोसळली, तिचीही रीत हीच होती: पक्षी आमच्याकडून घ्या, अंडी आणि कोंबड्या आम्ही परत घेऊ. कडकनाथ कोंबडी खोटी नव्हती. झाबुआची ती अस्सल जात आहे. खोटा होता तो खरेदीदार. लोक त्याला भुलले याचं कारण लोभ एवढंच सांगून आपण मोकळे होतो. मला ते कारण अपुरं वाटतं. गरीब माणसाला सगळ्यात जास्त भीती वाटते ती माल पडून राहण्याची, आणि या योजना नेमकी तीच भीती घालवण्याचं आश्वासन विकतात. जिथे विश्वासाचा खरेदीदार नसतो, तिथे खोटा उभा राहतो.

याच्या शेजारी पापडाची गोष्ट ठेवून पाहा. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून लिज्जत उभं राहिलं, हे प्रत्येक उद्योजकता शिबिरात सांगितलं जातं. सांगणारे ८० रुपयांवर थांबतात. पण त्या बायकांचा माल घेणारा भुलेश्वरचा ओळखीचा व्यापारी पहिल्यापासून होता. पापड आज लाटला की थोड्याच दिवसांत विकला जाणारी वस्तू आहे. आणि पुढे जी पद्धत बसली ती तर विडीसारखीच दिसते: भिजवलेलं पीठ केंद्रातून घरी न्यायचं, पापड लाटायचे, आणून द्यायचे, लाटणावळ घ्यायची. काम तेच, घर तेच, बाई तीच. पण इथे संस्था तिच्या मालकीची आहे, म्हणून उडीद साठवायचा आणि दुकानदाराच्या पैशांची वाट पाहायची ती संस्थेने. बाईच्या हातात मजुरी पडते आणि नफ्यातही तिचा वाटा असतो. विडी आणि पापड यांत भांडवल कमी-जास्त असण्याचा फरक कुठे आहे? फरक आहे तो वाट पाहणारी तिजोरी कुणाची, यात.

दूध हा तर आपल्या अंगणातला पुरावा. सांगोला, माढा, करमाळा या भागांत दुष्काळातही दोन जनावरांवर घर तगलं, कारण गावात संकलन केंद्र आहे, सकाळ-संध्याकाळ दूध घेतलं जातं आणि दहा दिवसांनी दुधाचा पगार होतो. भावाबद्दल शेतकऱ्याची तक्रार असते आणि ती रास्त आहे. पण दूध कुणी घेईल का, या काळजीने त्याला रात्र काढावी लागत नाही. १९४६ मध्ये गुजरातमधल्या खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी सहकारी संघ (आजचं अमूल) काढला तोही याचसाठी: म्हशी त्यांच्याकडे आधीच होत्या, पण खरेदीदार एकच होता आणि भाव त्याच्या हातात होता.

आणि डाळिंब? सांगोला-पंढरपूर पट्ट्यातल्या बागा पाहून लोक म्हणतात, बघा, माळरानावर सोनं पिकवलं. शेतकऱ्याचे कष्ट वादातीत आहेत. पण १९९० साली राज्य सरकारने फळबाग लागवड रोजगार हमीशी जोडली, हे विसरून कसं चालेल? डाळिंबाचा पहिला बहर धरायला दीड-दोन वर्षं लागतात. तेवढा काळ कोरडवाहू शेतकऱ्याने काय खायचं, या प्रश्नाला त्या योजनेने उत्तर दिलं: खड्डे खणण्याची, झाडं जगवण्याची मजुरी मिळाली, आणि अनुदान झाडं जगतील तसं पुढच्या वर्षांत मिळत गेलं. २०१८ च्या भाऊसाहेब फुंडकर योजनेतही तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असाच क्रम आहे. म्हणजे वाट पाहण्याचा खर्च सरकारने उचलला, तेव्हा माळरान हिरवं झालं. पुढे तेल्या आणि मर रोगाने बागाच्या बागा काढून टाकाव्या लागल्या. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र असूनही शेतकरी पोळला, हे खरं आहे. एका पिकावर सगळ्यांनी उडी घेतली की काय होतं, तेही त्यातून दिसलं. पण त्या अनुभवातून ‘लागवड करा’ एवढाच धडा घेणारे लोक आज ड्रॅगन फ्रूटचे खांब रोवायला सांगत आहेत, आणि मधली वर्षं कशी काढायची यावर त्यांच्याकडे उत्तर नाही.

सगळं सरकारनेच करायचं का, असं कुणी विचारेल. सरकार आताही खर्च करतंच आहे. तो बराचसा यंत्रावर होतो, एवढाच माझा आक्षेप आहे. केंद्राच्या २०२० च्या अन्नप्रक्रिया योजनेत प्रक्रिया उद्योगाला प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के अनुदान मिळतं, म्हणून पिठाची गिरणी, फळांचा गर काढायचा पल्पर, पॅकिंग मशिन घेतलं जातं आणि कच्चा माल भरायला पैसे नाहीत म्हणून ते झाकून ठेवलं जातं. पण त्याच योजनेत बचत गटातल्या सदस्याला खेळतं भांडवल (कच्चा माल, मजुरी असा रोजचा खर्च भागवायचा पैसा) आणि छोट्या अवजारांसाठी ४० हजारांपर्यंत बीज भांडवलाची तरतूद आहे. मला ती ३५ टक्क्यांपेक्षा मोलाची वाटते. शिबिरांत मात्र तिचं नाव शेवटी, घाईघाईत येतं. पशुपालनासाठी किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ पासून उपलब्ध आहे, तेही खेळत्या भांडवलासाठीच. दुकानदाराने सूक्ष्म उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत, असा कायदा २००६ पासून आहे. पण नवी पेठेतल्या दुकानदाराविरुद्ध भाकरीवाली बाई तक्रार करेल का? केली तर दुसऱ्या दिवशी तिच्या भाकरीला फळीवर जागा राहील का? तिच्या हक्काची वसुली तिच्या वतीने करणारी संस्था असेल, तरच तो कायदा तिच्यापर्यंत पोचेल. शहरात एक सामाईक भांडार असावं: माल आला की निम्मे पैसे तिथल्या तिथे बाईच्या हातात, उरलेले महिनाअखेर, आणि दुकानांशी हिशेब भांडाराने करायचा. गड्ड्याची यात्रा, पंढरीची वारी, पुण्यातली वसतिगृहं ही गिऱ्हाइकं एकट्या बाईच्या आवाक्यात नाहीत, भांडाराच्या आहेत.

मराठी माणसाला धंदा जमत नाही, हे पालुपद या चर्चेत हमखास येतं. वालचंद हिराचंद याच सोलापुरात जन्मले, आणि परक्या मुलखात येऊन माग मांडणाऱ्या विणकरांनी हे शहर उभं केलं. स्वभावाचा मुद्दा मी एवढ्यावर सोडतो.

ज्याला आज, या व्यवस्थेतच, सुरुवात करायची आहे त्याला मी वस्तू आधी ठरवू नको असं सांगेन. रोख देणारी दहा घरं आधी शोध, मग त्यांना काय लागतं ते कर. दुकानात माल ठेवण्याआधी घरी, वसतिगृहात, कार्यालयात थेट वीक; नफा कमी राहिला तरी चालेल, पैसा फिरता राहील. उधारी किती दिवसांची परवडते हे कागदावर मांड आणि तेवढ्याच दुकानांना दे. हातची मजुरी लगेच सोडू नको. यंत्र शेवटी घे. आणि जो माणूस यंत्रही विकतो आणि माल उचलण्याचं वचनही देतो, त्याला आधीच्या दहा जणांचा माल त्याने कुठे विकला, त्या दुकानांचे पत्ते विचार.

बँकांकडे तर नवा पैसा मागण्याचीही गरज नाही. जिल्ह्यातल्या बँकांची बैठक अग्रणी बँकेच्या, म्हणजे जिल्ह्यातल्या कर्जवाटपाचा मेळ घालणाऱ्या बँकेच्या, पुढाकाराने होते आणि कर्जाचं उद्दिष्ट किती गाठलं ते त्यात मांडलं जातं. त्याच बैठकीत शेळीच्या कर्जाचा पहिला हप्ता बाराव्या महिन्यात, डाळिंबाचा बहर तुटल्यावर आणि भाकरी-चटणीचा उधारीचा महिना उलटल्यावर, असं ठरवता येईल. ऊस गाळपाला गेल्यावर पीककर्ज फेडायचं, हे या जिल्ह्यातल्या प्रत्येक बँकेला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. उसाला जी मुदत मिळते, ती शेळीला का नाही?